पोहत आलेली बातमी

पावसाळ्यात कोल्हारच्या पुलावर उभं राहिलं की प्रवरेचा रंग बघून वर काय चाललंय ते कळतं. पाणी गढूळ झालं की घाटमाथ्यावर पाऊस झालेला असतो. पण आता पाण्याच्या रंगाची वाट बघावी लागत नाही. भंडारदरा आणि निळवंडे धरणांतून विसर्ग वाढवला की किती क्यूसेक सोडले, नदीकाठच्या गावांनी सावध राहावं, असा निरोप मोबाइलवर येतो. पूर्वी दवंडी पिटली जायची. साधन बदललं तरी पाण्याच्या आधी निरोप पोहोचला पाहिजे, ही अपेक्षा तीच आहे. नगर-मनमाड रस्त्यावरच्या आमच्या गावाला समुद्र कुठूनच जवळ नाही. इथलं पाणी प्रवरासंगमला गोदावरीत मिळतं आणि अर्धा देश ओलांडून बंगालच्या उपसागरात जातं, एवढंच काय ते समुद्राशी नातं. तरीही शिडाच्या होडीतून महासागरात जाणारी माणसं जिवाच्या रक्षणासाठी सोबत काय नेतात, याचा शोध मला याच नदीमुळे घ्यावासा वाटला.

मे २०२४चा तो आठवडा नगर, पुणे आणि सोलापूर या तिन्ही जिल्ह्यांतल्या लोकांना आठवत असेल. २१ मेच्या संध्याकाळी उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. बोटीतला एक पोलीस अधिकारी पोहत काठाला लागला, तेव्हा लोकांना घडलेलं कळलं. दुसऱ्याच दिवशी अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरेत पोहायला उतरलेले तरुण बुडाले. त्यांना शोधायला २३ मेला राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आली. तिची बोट भोवऱ्यात सापडून उलटली आणि दलाचे तीन जवान गेले. सुगाव आमच्या वरच्या अंगाला आहे. तेच पाणी पुढे संगमनेरवरून आमच्या पुलाखाली येतं. त्या दिवसांत पुलावर थांबलेली माणसं नेहमीसारखी बोलत नव्हती.

माझ्या डोक्यात मात्र उजनीचा तो पोहत आलेला माणूस घर करून बसला. तो पट्टीचा पोहणारा नसता तर बातमी कधी कळली असती? अंधार पडल्यावर कुणीतरी वाट बघून कंटाळलं असतं, मग फोन केले असते, मग पलीकडच्या काठाला विचारलं असतं. पाण्यावर संकट आलं की बुडणाऱ्याइतकीच त्याची बातमीही पाण्यात असते. तिला काठावर आणायला कुणीतरी लागतं.

महाराष्ट्राने हे फार मोठ्या प्रमाणावर एकदा भोगलं आहे. १७ जुलै १९४७ला सकाळी ‘रामदास’ ही आगबोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. अमावास्येच्या सणाला घरी निघालेले कोकणातले लोक तिच्यात खच्चून भरले होते. थोड्याच वेळात वारा-पाऊस वाढला, माणसं एका बाजूला झाली, बोट कलंडली आणि बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. मुंबई बंदर काही मैलांवर होतं. पण बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हतं, त्यामुळे शहराला दुपार उलटेपर्यंत काही माहीत नव्हतं. वाचलेली माणसं किनाऱ्याला लागली तेव्हा मुंबई हादरली. त्यात तरंगकड्याच्या आधाराने गेटवेपर्यंत आलेला एक लहान मुलगा होता. रेवसकडच्या कोळ्यांना काही माणसं पाण्यात दिसली, त्यांनी आपल्या होड्या घातल्या आणि जमेल तेवढ्यांना वर काढलं. हे त्यांना डोळ्यांनी दिसलं म्हणून घडलं. निरोप कुणीच पाठवला नव्हता.

भर समुद्रात डोळ्यांना दिसणारं कुणी नसतं. तिथे बातमीने पोहून यायचं म्हटलं तर हजार मैल पोहावं लागेल. म्हणून शिडाच्या होडीवर एक छोटं यंत्र असतं. खलाशी त्याला ईपर्ब म्हणतात, आपण आपत्कालीन बीकन म्हणू. पाण्याच्या बाटलीएवढं, पिवळ्या किंवा नारिंगी रंगाचं, वर एक काडीसारखा अँटेना. बटण दाबलं किंवा बीकन पाण्यात पडलं की ते बोलायला लागतं. दर पन्नास सेकंदांना अर्ध्या सेकंदाची एक हाक, ४०६ मेगाहर्ट्झवर. ताकद पाच वॅट, म्हणजे झोपायच्या खोलीतल्या लहान दिव्याएवढी. एवढीशी हाक आकाशातल्या उपग्रहांना ऐकू येते, आणि कडाक्याच्या थंडीतही बॅटरी निदान अठ्ठेचाळीस तास पुरते.

या व्यवस्थेचं नाव कोस्पास-सारसॅट. तिचा जन्म मला फार विलक्षण वाटतो. १९७२च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकी संसदेचे दोन सदस्य घेऊन निघालेलं विमान अलास्कात नाहीसं झालं आणि प्रचंड शोध घेऊनही कधीच सापडलं नाही. विमानांवर हाक देणारं यंत्र असावंच, या आग्रहाला या घटनेने बळ मिळालं. पण ती हाक ऐकायला वर कुणीतरी असायला हवं होतं. मग १९७९मध्ये अमेरिका, सोव्हिएत संघ, कॅनडा आणि फ्रान्स यांनी करार केला. एकमेकांवर क्षेपणास्त्रं रोखून बसलेल्या दोन महासत्तांनी बुडणाऱ्या माणसासाठी एकच कान ठेवायचं ठरवलं. पहिला सोव्हिएत उपग्रह जून १९८२अखेर वर गेला आणि त्याच सप्टेंबरमध्ये त्याने कॅनडाच्या डोंगरांत कोसळलेल्या एका लहान विमानाची हाक टिपली. त्यातली तिघं वाचली. ती कुठे निघाली होती? आधी हरवलेलं दुसरं एक विमान शोधायला. हे वाचलं तेव्हा मला सुगावची बोट आठवली.

उपग्रहाला जागा कशी कळते, हे समजायला आमच्या जवळच्या बेलापूर स्टेशनावर उभं राहिलं तरी पुरे. न थांबणारी गाडी शिट्टी देत येते तेव्हा आवाज चढा असतो, पुढे निघून गेली की उतरतो. उपग्रह बीकनवरून जाताना हाकेच्या सुरात असाच फरक पडतो. तो मोजून जमिनीवरचं केंद्र हिशेब करतं आणि काही किलोमीटरच्या आत जागा सांगतं. आताच्या बीकनमध्ये जीपीएस असतं, ते आपली जागा हाकेतच सांगतं, मग फरक मीटरमध्ये येतो. शेवटच्या टप्प्यासाठी बीकन १२१.५ मेगाहर्ट्झवर दुसरी बारीक हाक देत राहतं. तिचा माग काढत विमान किंवा जहाज जवळ येतं, आणि रात्र असेल तर वरचा लुकलुकणारा दिवा दिसतो. भारतात ही हाक ऐकणारी केंद्रं बेंगळुरू आणि लखनौला आहेत. बेंगळुरूच्या नियंत्रण केंद्राकडे श्रीलंका, मालदीव, सेशेल्सपासून टांझानियापर्यंतचा भाग येतो. तिथून निरोप तटरक्षक दलाच्या मुंबई, चेन्नई किंवा पोर्ट ब्लेअरच्या बचाव समन्वय केंद्राला जातो.

बीकनचा एक भाग मात्र यंत्राच्या बाहेर, कागदावर असतो. प्रत्येक बीकनला स्वतःचा पंधरा अक्षरी क्रमांक असतो आणि त्यात देशाचा आकडा गुंफलेला असतो. भारताचा ४१९. हा क्रमांक नोंदवताना होडीचं नाव, रंग, लांबी, किती माणसं असतात हे लिहायचं असतं, आणि किनाऱ्यावरच्या एखाद्या माणसाचा फोन नंबर द्यायचा असतो. हाक आली की केंद्र आधी तो नंबर फिरवतं. कारण बऱ्याच हाका चुकून गेलेल्या असतात. कुणी बीकन धुताना बटण दाबतं, कुणी जुनं बीकन भंगारात टाकतं. म्हणजे माणूस हिंदी महासागरात अडकला असेल तर पहिला फोन त्याच्या घरच्या ओसरीवर वाजणार. आई, बायको, भाऊ, मित्र, जो कोणी उचलेल त्याला विचारलं जाणार: ते खरंच समुद्रात आहेत का? कुठून निघाले? होडीवर कोण कोण आहे? या माणसाला ही माहिती तोंडपाठ हवी. होडी विकली आणि बीकनची नोंद जुन्याच मालकाच्या नावावर राहिली, तर फोन भलत्याच घरी वाजतो आणि तास वाया जातात. महागातलं बीकन घेऊन नोंदणीचा फॉर्म न भरणं म्हणजे पत्र लिहून पत्ता न घालण्यासारखं आहे.

आता २०१८ची गोष्ट, कारण आपल्याकडची या विषयातली सगळ्यात मोठी कसोटी तीच. गोव्यात दिवाडी बेटावर मांडवीकाठी रत्नाकर दांडेकरांचा बोटींचा कारखाना आहे. ‘म्हादेई’ ही छप्पन्न फुटी शिडाची होडी त्यांनीच बांधली. तिच्यातून कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ला मुंबईहून निघाले आणि मे २०१०मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. पुढे त्याच होडीतून अभिलाष टॉमी कुठेही न थांबता एकट्याने जगाला वळसा घालून ३१ मार्च २०१३ला मुंबईला आले. या साऱ्यामागचं डोकं आणि जिद्द व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटींची. हे माणूस निवृत्तीनंतर राहिलं कुठे, तर फलटण तालुक्यातल्या विंचुर्णीत. पाण्यासाठी आभाळाकडे बघणाऱ्या गावात बसून त्यांनी भारतीय माणसाला एकट्याने महासागर ओलांडायला लावला. समुद्र जवळ नसणाऱ्यांनी समुद्राचा विचार करू नये असं कुणी म्हटलं की मी विंचुर्णीचं नाव घेतो.

१ जुलै २०१८ला फ्रान्सच्या ले साब्ल दोलोन बंदरातून गोल्डन ग्लोब शर्यत सुटली. अट अशी की १९६८मध्ये होती तेवढ्याच साधनांनी जगाला एकट्याने फेरी मारायची. नकाशा, सेक्स्टंट, वारा. पण जुन्या काळाचा हा हट्ट आयोजकांनी सुरक्षिततेला लावला नाही. बीकन, तराफा, ठावठिकाणा कळवणारं उपग्रहयंत्र हे सगळं सक्तीचं होतं. टॉमी निघाले ते ‘थुरिया’तून, दांडेकरांनीच बांधलेल्या बत्तीस फुटी होडीतून. दहा हजारांहून अधिक सागरी मैल कापून ते तिसऱ्या क्रमांकावर होते. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात, ऑस्ट्रेलियाच्या पर्थपासून सुमारे एकोणीसशे सागरी मैलांवर, वादळाने त्यांना गाठलं. वारा सत्तर नॉटचा, लाटा चार-पाच मजली इमारतीएवढ्या. होडी पूर्ण पालथी होऊन परत सरळ झाली, पण डोलकाठी मोडली होती आणि टॉमींच्या पाठीला जबर मार बसला होता. उठता येत नव्हतं.

इथे एक तपशील आहे, जो मला प्रत्येक होडीवाल्याच्या कानात सांगावासा वाटतो. होडीवर दुसरा उपग्रह फोन आणि हातात धरायचा रेडिओ होता. दोन्ही व्यवस्थित, आपत्कालीन पिशवीत भरून ठेवलेले. पण ती पिशवी टॉमींच्या हाताला येत नव्हती. काही पावलांचं अंतर, आणि पाठ मोडलेल्या माणसाला ते ओलांडता येईना. बीकन चालू होतं आणि छोट्या संदेशयंत्रावरून ते दोन-चार शब्द पाठवू शकत होते. साधनांची यादी पूर्ण असणं आणि साधन हाताशी असणं यांत किती फरक असतो, तो त्या बिछान्यावर पडून त्यांनी अनुभवला.

हाक ऑस्ट्रेलियाच्या बचाव केंद्राकडे गेली. भारतीय नौदलाचं पी-८आय विमान मॉरिशसहून उडून थेट त्यांच्यावर आलं. डोलकाठी मोडून बाजूला लटकलेली होडी त्याने पाहिली, आणि टॉमींनी बीकनवरून प्रतिसाद दिल्याचं नौदलाने तेव्हा कळवलं. शर्यतीतला आयरिश नाविक ग्रेगर मॅकगुकिनची होडीही त्याच वादळात मोडली होती, तरी तो तात्पुरतं शीड बांधून टॉमींच्या दिशेने निघाला. २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ हे फ्रेंच मत्स्यगस्ती जहाज पोहोचलं. त्याच्या लहान बोटी होडीला भिडल्या आणि स्ट्रेचरवरून टॉमींना बाहेर काढण्यात आलं. मॅकगुकिनलाही त्याच जहाजाने घेतलं. पुढे टॉमींच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली, मणक्यांना टायटॅनियमचा आधार बसवला गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीला विंचुर्णीचे आवटी गेले.

टॉमी पुन्हा त्याच शर्यतीला उतरले आणि २९ एप्रिल २०२३ला दुसरे आले. पण त्या शर्यतीत १८ नोव्हेंबर २०२२ला फिनलंडच्या तापियो लेहतिनेनची होडी दक्षिण आफ्रिकेच्या खाली काही मिनिटांत बुडाली. त्याच्याजवळ तराफ्यात उडी घेण्यापुरताच वेळ होता. बीकनची हाक गेली आणि सगळ्यात जवळ असलेली स्पर्धक कर्स्टन नॉयशेफर रात्रभर होडी हाकत दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्यापाशी पोहोचली. मग मदतीला आलेल्या मालवाहू जहाजाने त्याला वर घेतलं. जहाजाचं नाव ‘दर्या गायत्री’. ती शर्यत पुढे कर्स्टननेच जिंकली.

तराफ्याबद्दल खलाशांत एक म्हण आहे: तराफ्यात चढावं लागेल तेव्हाच चढावं, म्हणजे होडी पायाखालून खाली गेलेली असावी. तिची किंमत १९७९च्या ऑगस्टमध्ये कळली. ब्रिटन आणि आयर्लंडदरम्यानच्या फास्टनेट शर्यतीत ३०३ होड्या वादळात सापडल्या आणि पंधरा स्पर्धक गेले. चोवीस होड्या माणसांनी सोडून दिल्या होत्या. त्यांतल्या एकोणीस नंतर तरंगताना सापडल्या. घाबरलेल्या माणसाला दिसेनाशी होणारी गोष्ट हीच असते की मोडकी होडीसुद्धा रबरी तराफ्यापेक्षा मोठी, कोरडी आणि वरून दिसायला सोपी असते.

आणि सगळ्यात स्वस्त, सगळ्यात जुनं साधन म्हणजे दोर. होडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पट्टा ताणलेला असतो, छातीवरच्या पट्ट्याची कडी त्यात अडकवून माणूस फिरतो. शिंदीच्या झाडावर चढणारा कमरेला दोर घेतो, तसंच. २६ मार्च २०१८ला व्होल्वो शर्यतीत दक्षिण महासागरात जॉन फिशर नावाचा मुरलेला नाविक एक दोर नीट करायला म्हणून कडी सोडून पुढे सरकला. त्याच क्षणी होडी अवचित वळली, शीड फिरलं आणि तो पाण्यात गेला. सोबत माणसं होती, साधनं होती, शोधही घेतला. तो मिळाला नाही. त्या वाऱ्यात पडलेला माणूस मिनिटभरात लाटांमागे जातो.

म्हणून आता खलाशी स्वतःच्या अंगावरही लहान बीकन ठेवतात. लाइफ जॅकेट पाण्यात पडताच वायूच्या नळकांडीने आपोआप फुगतं. त्याला दिवा असतो, मांड्यांमधून जाणारा पट्टा असतो, आणि एक शिट्टी असते. मांडीचा पट्टा नसेल तर जॅकेट वर सरकतं आणि तोंड पाण्याखाली जातं. १७ मे २०२१ला तौक्ते वादळात मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात पी-३०५ हा बार्ज बुडाला. त्यावरची २६१ माणसं पाण्यात होती. सत्तरहून अधिक गेली. वाचलेल्यांनी सांगितलं की बरेच फुगणारे तराफे उपयोगाचे नव्हते, त्यामुळे लाइफ जॅकेटवर, एकमेकांना धरून त्यांनी रात्र काढली. आणि १८ डिसेंबर २०२४ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची वेगवान बोट आदळली. पंधरा माणसं गेली. त्यानंतर गेटवेच्या बोटींवर लाइफ जॅकेट सक्तीचं झालं. तासाभराच्या सहलीला कशाला हे, असं म्हणणारे पर्यटक आजही भेटतात, आणि मला त्यांचा राग येतो.

मासेमारी होड्यांसाठी इस्रोने २०१०पासून संकट-संदेश देणारं स्वस्त यंत्र आणलं. अशी वीस हजारांहून अधिक यंत्रं वापरात असल्याचं इस्रोने सांगितलं. पण एकदा बटण दाबलं की पुढे सगळी शांतता. हाक पोहोचली की नाही, होडीच्या तांडेलाला कळायचं नाही. दुसऱ्या पिढीच्या यंत्राने ही उणीव भरली. हाक मिळाली असं उत्तर होडीवर परत येतं, आणि मोबाइल जोडला तर ते तांडेलाच्या भाषेत वाचता येतं. युरोपच्या गॅलिलिओ उपग्रहांनीही २०२०पासून असंच उत्तर द्यायला सुरुवात केली. काळोखात हाक मारणाऱ्याला ‘ऐकलं’ एवढा एक शब्द किती धीर देतो, हे विहिरीत उतरलेल्या कुणालाही विचारा.

गेल्या पावसाळ्यात मी हे सगळं वाचत होतो, तेव्हा मला आमच्या लहानपणीची पांगऱ्याची बिंडी आठवली. पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीवर पांगऱ्याचं हलकं लाकूड किंवा वाळलेला भोपळा बांधायचे, आणि कुणीतरी मोठं माणूस दोराचं टोक धरून काठावर उभं राहायचं. मग पुढे दोर सुटायचा आणि पांगराही सुटायचा. पोहता यायला लागलं की पाठीला काही बांधणं कमीपणाचं वाटायचं. दक्षिण महासागरात एकट्याने जाणारी माणसं, ज्यांच्या दर्यावर्दीपणाला तोड नाही, ती मात्र अंगावरचं काही सोडत नाहीत.

विसर्जनाच्या दिवशी मी दोन लाइफ जॅकेट घेऊन घाटावर गेलो. मूर्ती घेऊन पाण्यात उतरणाऱ्या मंडळाच्या पोरांनी आधी नको-नको केलं. मग एकाने घातलं, मांडीचा पट्टा मी आवळून दिला. खांद्याशी अडकवलेली शिट्टी कशाला आहे, असं त्याने विचारलं. वाजवून बघ म्हणालो. ढोल चालू होते, तरी त्याने फुंकली तेव्हा नदीच्या पलीकडच्या काठावरची माणसं वळून आमच्याकडे बघायला लागली.